रडीच्या डावातलं गणित

मराठी माणसाने भोळसटपणाचा सगळा ठेका एकाच तालुक्याला देऊन टाकला आहे. कुणी साधी गोष्ट न समजल्यासारखं वागलं की त्याला विचारायचं, ‘अलिबागहून आलायस का?’ या वाक्यावर बंदी घाला, अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा त्याचा मथितार्थ. आता हा भोळसटपणा प्रत्यक्ष कसा दिसतो ते बघायचं असेल, तर अलिबागच्या पुळणीवर कुलाबा किल्ल्यासमोर जाऊन उभं राहावं. ओहोटीला या किल्ल्यात चालत जाता येतं, भरतीला येत नाही. मुंबईहून आलेला पाहुणा भरतीची वेळ मोबाइलमध्ये शोधत असतो. किनाऱ्यावरचा म्हातारा फक्त ‘आज तिथी काय?’ एवढंच विचारतो आणि तिथीची पाऊणपट करतो. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमा असेल तर पंधरा पाऊण सव्वाअकरा. थोडा वेळ इकडेतिकडे, पण पायजमा कोरडा राहण्याइतकं हे गणित पक्कं आहे. ते न येणारा पाहुणा कमरेपर्यंत भिजून परत येतो आणि घरी जाऊन पुन्हा तोच वाक्प्रचार वापरतो.

आता त्या म्हाताऱ्याच्या नातवाकडे वळू. पाऊणकी शाळेतून केव्हाच गेली. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या फक्त ३०.७ टक्के मुलांना भागाकार येतो आणि तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी. हे आकडे वाचून आईबापांना धडकी भरते, आणि धडकी भरलेला पालक प्रथम काय करत असेल तर तो काहीतरी विकत घेतो. म्हणून गेल्या काही वर्षांत ‘शैक्षणिक खेळ’ नावाचा एक प्रकार घरोघर शिरला आहे. भलंमोठं खोकं, त्यावर चष्मा लावलेलं घुबड, ‘वय ६ ते १०’, ‘गुणाकार शिका हसत-खेळत’. आत एक पट असतो, पत्त्यांची चवड असते आणि दर पत्त्यावर ‘७ × ८ = ?’ असा प्रश्न असतो. थोडक्यात, ही फासा लावलेली चाचणी परीक्षा. मुलाने उत्तर दिलं की बाबा म्हणतात, ‘शाब्बास!’ चुकलं तर म्हणतात, ‘हरकत नाही, परत विचार कर.’ दोन संध्याकाळींनंतर खोकं माळ्यावर जातं आणि घुबड तिथून आयुष्यभर बघत राहतं. माझं म्हणणं असं की खेळातून गणित येतं हे खरं आहे, त्याला चांगला पुरावाही आहे. पण ते खोक्यातून येत नाही आणि शाब्बासकीतून तर मुळीच येत नाही. ते येतं समोरच्याच्या संशयातून. ‘पाच पडले होते, तू सहा घरं गेलास!’ ही आरोळी ज्या घरात उठते, त्या घरातल्या पोरांचं गणित सुधारतं.

आधी पुरावा पाहू, म्हणजे आरोळीला वजन येईल. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या दोघांनी २००८ च्या सुमारास चार-पाच वर्षांच्या गरीब घरच्या मुलांना एक अगदी बाळबोध खेळ दिला. एका ओळीत दहा घरं, त्यांवर एक ते दहा आकडे, आणि फिरकीवर फक्त एक आणि दोन. सोंगटी पुढे सरकवताना घरावरचा आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण आकड्यांऐवजी रंगांचा. तिथे ‘लाल, निळा’ म्हणायचं. दोन आठवड्यांत जेमतेम चार बैठका, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांच्या. आकड्यांचा पट खेळलेल्या मुलांना आकडे ओळखणं, लहानमोठं ठरवणं, कुठला आकडा रेघेवर साधारण कुठे येईल ते सांगणं हे सगळं जास्त जमू लागलं, आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तरी ते टिकून होतं. रंगांच्या गटात तसं काही झालं नाही. पुढे त्यांनी गोल पट आणि सरळ पट यांचीही तुलना केली, तेव्हा सरळ पटाचं पारडं जड निघालं. म्हणजे ज्या खेळात अक्कल लागत नाही म्हणून आपण नाक मुरडतो, जो निव्वळ नशिबाचा म्हणून हुशार मुलांना बुद्धिबळाकडे पिटाळतो, त्याच सापशिडीच्या जातकुळीच्या खेळाने हे काम केलं. सापशिडी तर आपल्याच घरची. तिचं मूळ मोक्षपटात आहे; परंपरा तो थेट ज्ञानेश्वरांपर्यंत नेते, संशोधक इतकं मागे जायला कचरतात. पूर्वी सापाने गिळलं की पापाचा हिशेब लागत असे, आता फक्त आकड्यांचा लागतो. मुलांच्या दृष्टीने ही सुधारणाच म्हणायला हवी.

यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एलिडा लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये शंभर घरांच्या पटावर प्रयोग केला. सोंगटी पुढे नेताना काही मुलं दर वेळी ‘एक, दोन, तीन’ मोजत होती. काहींना मात्र ज्या घरात आहात तिथून पुढचे आकडे म्हणायला लावलं. फायदा झाला तो दुसऱ्यांचा. आता हेच आपल्याकडे करून बघा. सोंगटी हरवली म्हणून शर्टाचं पांढरं बटण घेऊन खेळणारी सहा वर्षांची मुलगी सत्तावन्नवर बसली आहे. तिला पाच पडले. ‘एक-दोन-तीन-चार-पाच’ म्हणत ती बटण टकटक आपटत गेली तर काहीच घडलं नाही. पण तिने ‘अठ्ठावन्न’ म्हणून सुरुवात केली की पुढच्याच घरात एकोणसाठ तोंड वासून उभा. घरावर ५ आणि ९ लिहिलेले, आणि तोंडाने म्हणायचं साठ! बटण हवेत थांबतं, मुलगी आजीकडे बघते, आजी मुद्दाम चष्मा पुसते. मग साठ, एकसष्ट, बासष्ट. मराठीतल्या संख्यांची ही चढण मुलांना जड जाते म्हणून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असा जोड पर्याय दिला, आणि महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो विधानसभेपर्यंत पोचला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जुनी पद्धत कुणी काढलेली नाही. त्या वेळी दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी पोरांबरोबर सापशिडीचे चार डाव मोठ्याने आकडे म्हणत खेळले असते, तरी एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळी वर्षभरात घरातली झाली असती. पण वाद घालायला माणसं लागतात तशी सापशिडी खेळायलाही लागतात, आणि त्या वर्षी सगळी माणसं पहिल्या कामात गुंतली होती.

तर प्रश्न असा, की ही मुलगी आपणहोऊन ‘अठ्ठावन्न’ का म्हणेल? बाईंनी सांगितलं म्हणून नाही. समोर सात वर्षांचा चुलतभाऊ बसलेला आहे म्हणून. तो तिच्या बटणाकडे असा बघतोय, जसा लिलावात दलाल दुसऱ्याच्या टोपलीकडे बघतो. तिने एक घर जास्त घेतलं तर तो पट उधळेल, आणि एक घर कमी घेतलं तर गप्प बसेल. हा दुसरा भाग लक्षात घ्या. आपल्या फायद्याची चूक समोरचा पकडतो, तोट्याची चूक आपली आपल्यालाच पकडावी लागते. दोन्ही बाजूंनी असा चोख पहारा कुठल्या शिकवणीत मिळणार? शिक्षकाला चूक काढण्याचा पगार मिळतो. चुलतभावाला त्यातून आनंद मिळतो, आणि आनंदाने केलेलं काम नेहमीच अधिक कसून होतं. शैक्षणिक खोक्यात नेमकी हीच सोय नसते. तिथे बाबा पोराच्या विजयासाठी झटत असतात, मुद्दाम चुकीचा फासा टाकतात, हरल्यावर टाळ्या वाजवतात. समोरचा असा सज्जन निघाला की मोजण्याची गरजच संपते. रडीचा डाव खेळणारा एकतरी इसम घरात हवा. बहुतेक घरांत ती जबाबदारी आजोबा स्वखुशीने घेतात.

रायगडच्या किनाऱ्याला या शिक्षणासाठी निसर्गानेच सुट्टी राखून ठेवली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत माणसं घरात आणि पाऊस पडवीपर्यंत. अशा वेळी जुनी साधनं निघतात, आणि त्यांतलं गणित खोक्यातल्यापेक्षा खोल असतं. पंचवीस घरांच्या पटावरचा चार कवड्यांचा खेळ घ्या. कुठे त्याला चल्लस-आठ म्हणतात, कुठे आणखी काही. जितक्या कवड्या उताण्या तितकं दान, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते असं धरलं, तर चार कवड्या पडण्याचे सोळा प्रकार होतात. त्यांत दोनाचं दान सहा प्रकारांनी येतं, एकाचं आणि तिनाचं चार-चार प्रकारांनी, आणि चार व आठ यांचं फक्त एकेका प्रकाराने. फाशावर सगळे आकडे सारख्याच हक्काने येतात, कवड्यांवर नाही. हे कुणी सांगत नाही, पण महिनाभर खेळलेलं पोर आपली सोंगटी शत्रूच्या पुढे दोन घरांवर ठेवत नाही. संभाव्यता हा धडा त्याला पुढे दहावीला भेटेल, तेव्हा ते पोर त्याला ओळखेलच असं नाही. त्यावर पुढे बोलू. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घासून घेतात, आणि मोजायला वालाचे दाणे असतातच. डाव संपला की तेच आमटीत जातात. शैक्षणिक साहित्याची इतकी पूर्ण विल्हेवाट शिक्षण खात्यालाही जमलेली नाही.

कॅरमचं मला विशेष कौतुक आहे. दमट हवेत बोर्ड फुगलेला, पावडर गुठळ्या झालेली, सोंगटी भोकाच्या काठावर येऊन मुक्कामालाच राहते, पण हिशेब स्वच्छ. पॉइंटच्या डावात काळीला दहा, पांढरीला वीस, राणीला पन्नास. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी मिळून ३२०. डाव संपल्यावर दोन्ही बाजूंची बेरीज ३२० व्हायलाच हवी. नाही झाली तर कुणीतरी चुकलंय किंवा कुणीतरी मांडीखाली सोंगटी दाबलीय, आणि ते शोधेपर्यंत कुणीही जेवायला उठत नाही. ताळा करून बघ, म्हणून गणिताच्या वहीत शिक्षक लाल शाईने वर्षभर लिहितात आणि कुणीही करत नाही; कॅरमवर तो न सांगता होतो, कारण तिथे विरुद्ध बाजूला विश्वास ठेवण्याजोगं कुणी नसतं. पाच-तीन-दोन या पत्त्यांच्या खेळाचंही तेच. मागच्या डावात दोन हात कमी झाले म्हणून या डावात दोन हात देणं लागतो, ही उणे दोनची व्याख्या मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चोख वाटते.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: फासे, कवड्या म्हणजे जुगाराची पहिली पायरी, धर्मराजाचं काय झालं ते माहीत आहे ना? माहीत आहे. पण धर्मराजाचं जे झालं ते खेळल्यामुळे झालं की न तपासता खेळल्यामुळे? समोर शकुनी बसलेला, फासे त्याचे, दान तोच टाकतोय, आणि ‘जिंकलो’ हेही तोच म्हणतोय. पांडवांकडून एखाद्या चुलतभावाने उठून ‘हे दान हललं, परत टाक’ म्हणायचं, तर चुलतभाऊ सगळे समोरच्या बाजूला. त्याच महाभारतात, पुढे वनपर्वात नलाची कथा आहे आणि ती मात्र आपण पोरांना अर्धीच सांगतो. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. दमयंतीच्या स्वयंवरासाठी दोघे विदर्भाकडे निघाले आहेत, घाई आहे, आणि वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघून पानं आणि फळं किती ते धडाधड सांगतो. नल काय करतो? रथ थांबवतो, खाली उतरतो, झाड पाडतो आणि मोजतो. बायकोचं स्वयंवर टळून चाललंय आणि हा गृहस्थ बेहडे मोजतोय! मोजणी बरोबर निघते, मग राजा त्याला अक्षहृदय म्हणजे फाशांची विद्या देतो आणि नल गेलेलं राज्य परत जिंकतो. बेहड्याची फळं त्या काळी फाशांसारखी वापरत, हेही ध्यानात असू द्या. म्हणजे ज्याने मोजलं नाही तो वनात गेला आणि ज्याने मोजून घेतलं तो वनातून परत आला. पैसे लावून खेळू नये हे मला मान्यच आहे. शंका घेऊन जरूर खेळावं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो विनोदाने उडवून लावता येणार नाही. खेळातलं गणित खेळातच राहतं, ते वहीत उतरत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या हातात भक्कम कागद आहेत. दिल्लीत ‘प्रथम’ या संस्थेच्या सोबतीने मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २१४ बालवाड्यांतली दीड हजारावर मुलं अभ्यासासाठी घेतली आणि त्यांतल्या एका गटाला चार महिने गणिताचे खेळ खेळवले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: मुलांची संख्यांची आणि आकारांची उपजत जाण सुधारली, वर्षभराने बघितलं तरी सुधारलेली होती; पण पहिलीच्या शाळेतल्या गणितात त्याचा काही लाभ दिसला नाही. त्यानंतर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आदींचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं वजन, दर आणि सुटे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करतात, पण त्याहून सोपी बेरीज शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की अडतात. आणि शाळेतली हुशार मुलं बाजारातल्या हिशेबात तशीच अडखळतात. रेवदंडा किंवा मुरूडच्या बाजारात मासे घेताना दोन्ही जाती एकदम बघायला मिळतात. मावशी म्हणते दीडशेला दोन वाटे, तीन घेतलेस तर दोनशे. पदवीधर गिऱ्हाईक मनातल्या मनात एकेका वाट्याचा भाव काढेपर्यंत मावशीने मांदेली पिशवीत भरलेली असतात.

मग खेळ वाया गेले का? मला तसं वाटत नाही. दिल्लीच्या त्या खेळांत मुख्यतः ठिपके आणि आकार होते, अंक आणि चिन्हं नव्हती, आणि खेळातली जाण शाळेतल्या चिन्हांशी जोडायला हवी असं संशोधकांनीही म्हटलं. पिट्सबर्गच्या पटावर अंक लिहिलेले होते आणि ते मोठ्याने म्हटले जात होते. फरक तिथे आहे. म्हणून माझ्या आरोळीच्या सिद्धान्ताला एक पुरवणी जोडतो: आरोळी कागदावर उतरली पाहिजे. कॅरमचे गुण कुणीतरी लिहायचेच असतात. ते काम काकांनी बळकावू नये. पेन्सिल घरातल्या सर्वांत लहान साक्षर सदस्याकडे द्यावी. तो ४० खाली ७० लिहील, हातचा विसरेल, आणि ज्याचे शंभर गुण बुडाले तो ज्या जोमाने त्याला हातचा शिकवेल त्या जोमाने बीएडमध्ये शिकवायला शिकवत नाहीत. भांडण आणि चिन्ह एकाच कागदावर आले की खेळातून वहीपर्यंतचा पूल बांधला जातो. तो आपोआप बांधला जात नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मात्र मान्य करायला हवं.

मोबाइलवर लुडो आहेच की, हा तिसरा आक्षेप लवकर आटोपू. मोबाइलवर दान यंत्र टाकतं, घरं यंत्र मोजतं, सोंगटी यंत्र हलवतं. खेळणाऱ्याकडे उरतं ते फक्त बोट. तिथे लबाडी करताच येत नाही, आणि लबाडीची सोय नसलेला खेळ शिकवण्याच्या दृष्टीने निकामी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब झोपले आणि कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. त्या काळात किती जणांचं गणित सुधारलं याचा अभ्यास झालेला नाही आणि वादळाला शिक्षणतज्ज्ञ म्हणण्याचा चावटपणा मी करणार नाही. मात्र बॅटरी संपली तरी चालू राहतो तो खेळ पुठ्ठ्याचा असतो, एवढं त्या आठवड्यांनी दाखवलं. बाकी जागा घेण्या-विकण्याच्या ‘व्यापार’ या खेळाबद्दल मी इथे गप्पच राहतो. मुंबईला जोडणारा अटल सेतू झाल्यापासून या भागात वडीलमाणसं तो खऱ्या गुंठ्यांवर खेळतात, आणि पोरांना आता खोट्या नोटांत रस उरलेला नाही.

तेव्हा या पावसाळ्यात खेळ घ्यायला बाजारात गेलात तर खोक्यावरचं घुबड बघू नका. फासा हातात घ्या आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात होते का ते बघा. स्वस्तातल्या फाशावर ती होईलच असं नाही. सापशिडी घ्या, पण घरांवरचे आकडे आजीला चष्म्याशिवाय वाचता येतील इतके ठसठशीत असू द्या. कॅरमचे गुण लिहायला शंभर पानी वही आणि खोडरबर घ्या. खोडरबर दोन घ्या. आणि पोरगं सत्तावन्नवरून एकदम त्रेसष्टवर गेलं, तर कौतुकाने हसू नका. फाशावर पाच होते. त्याला मागे आणा.